साठावा दिवस

“‘व्यभिचारिणी’ हा शब्द आधी यावा, की तिचं नाव आधी यावं, आचार्य?”

व्हॅरिनस उभ्यानेच विचारत होता. बसला असता तर अंगभर गुंडाळलेल्या टोग्याच्या चुण्या मोडल्या असत्या, आणि त्याला इथून थेट न्यायासनासमोर जायचं होतं.

मेनेक्लीसने मेणाची पाटी डोळ्यांजवळ धरली. एकाहत्तर वर्षांचे डोळे. अक्षरं लागायला वेळ लागत होता. निदान वेळ लागतोय असं दाखवता येत होतं.

“कुणाचं नाव?”

“हिस्पुलाचं. माझ्या बायकोचं.”

...

रोमच्या सुबुरा पेठेत, चौथ्या मजल्यावरच्या त्या खोलीत मेनेक्लीस तीस वर्षं तत्त्वज्ञान आणि वक्तृत्व शिकवत आला होता. त्याच्या गप्प बसण्याला शहरात मोठा मान होता. कुणी प्रश्न विचारावा, आचार्यांनी बराच वेळ खिडकीबाहेर बघावं, आणि मग एकच वाक्य बोलावं. लोक ते वाक्य जपून घरी नेत.

तो गप्प का बसतो, हे कुणी कधी विचारलं नव्हतं. उत्तर सुचत नसे म्हणून तो गप्प बसे.

“भाषेपुरतंच बघून द्या,” व्हॅरिनस म्हणाला. “बाकीचं ठरलंय.”

“कुणी ठरवलं?”

“कायद्यानं.”

कायदा सगळ्या रोमला पाठ होता. बायकोने परपुरुषाशी संबंध ठेवला असं कळलं, की नवऱ्याने तिला घराबाहेर काढायचं आणि साठ दिवसांच्या आत फिर्याद गुदरायची. गुन्हा शाबीत झाला की तिची रवानगी एखाद्या ओसाड बेटावर. तिथून जगून वाचून परत आलीच, तर घरंदाज बाईचा पायघोळ झगा तिला पुन्हा अंगाला लावता येत नाही. वेश्यांसारखा टोगा गुंडाळून हिंडावं लागतं. जे वस्त्र पुरुषाच्या अंगावर नागरिकत्वाचा मान, तेच बाईच्या अंगावर आलं की तिची लायकी.

आणि नवऱ्याने फिर्याद केलीच नाही, तिला तशीच घरात ठेवून घेतली, तर कायदा त्याला एक नाव देतो. बायकोच्या धंद्यावर जगणाऱ्याला जे नाव आहे, तेच.

“आज कितवा दिवस?”

“साठावा.”

मेनेक्लीसने भिंतीकडे पाहिलं. उन्हाचा पट्टा पाण्याच्या माठापर्यंत आला होता. सूर्य मावळला की न्यायासन उठतं.

“तिला घराबाहेर काढलंस?”

“मागच्या खोलीत बसवलंय. फिर्याद दाखल झाली की काढणार.”

“काय करते आत?”

“लोकर कातते.” व्हॅरिनसच्या ओठाची एक कड वर गेली. “जन्मात कधी चाती हातात धरली नव्हती. तिला बासरी शिकायची होती. घरंदाज बाई बासरी शिकते म्हणून गल्लीभर कुजबुज झाली, तेव्हा मीच सगळ्यांची तोंडं गप्प केली. मग मला दोन वर्षं सरकारी कामावर स्पेनला जावं लागलं. ती राहिली, आणि तो बासरी शिकवणारा राहिला.”

“तो कुठं आहे?”

“केव्हाच पळाला.”

“तुला कळलं कसं?”

व्हॅरिनसने पहिल्यांदाच नजर वळवली.

“तिनंच सांगितलं. परत आलो त्याच्या तिसऱ्या दिवशी. जेवत होतो. तिनं ताट बाजूला सारलं आणि सांगितलं.”

“हे फिर्यादीत दिसत नाही.”

“मुद्दाम घेतलं नाही. स्वतःहून कबूल केलं म्हटलं की ऐकणारे विरघळतात. तुम्हीच शिकवलंत ना, आपल्याविरुद्ध जाणारी गोष्ट आपण होऊन सांगू नये.”

शिकवलं होतं.

“राग आला असेल तुला.”

“नाही,” व्हॅरिनस म्हणाला, आणि विद्यार्थी पाठ म्हणून दाखवतो तसा ताठ उभा राहिला. “साठ दिवसांत एकदाही आवाज चढवला नाही. तुमचा शिष्य आहे मी. जे करतोय ते कर्तव्य म्हणून करतोय.”

याने एखादं भांडं तरी फोडायला हवं होतं, असं मेनेक्लीसला वाटलं. पण तसं त्याने कधी कुणाला शिकवलं नव्हतं.

तो पुढे वाचू लागला. भाषा चांगली होती. वाक्यं तोलून लिहिली होती. सातव्या ओळीवर तो अडखळला.

‘जी एकाची राहत नाही, ती कुणाचीच नसते.’

...

“हे वाक्य...”

“तुमचंच आहे,” व्हॅरिनस खुशीत म्हणाला. “‘जो एका गुरूचा राहत नाही, तो कुणाचाच नसतो.’ मी फक्त बाईकडे वळवून घेतलं. शोभलं ना?”

मेनेक्लीसला तो दिवस आठवला. एक श्रीमंत विद्यार्थी त्याला सोडून समोरच्या गल्लीतल्या दुसऱ्या ग्रीक शिक्षकाकडे गेला होता. दोन दिवस त्याला जेवण गेलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी भर वर्गात, निव्वळ चिडून, तो हे बोलला होता. मुलांनी लिहून घेतलं.

त्याने लेखणी उलटी केली आणि तिच्या बोथट टोकाने सातवी ओळ घासून टाकली.

“हे माझं होतं. मी परत घेतो.”

“पण मधेच रिकामी जागा दिसेल, आचार्य.”

“दिसू दे.”

व्हॅरिनस हसला. गुरूची काहीतरी परीक्षा चालली असावी, असा त्याचा चेहरा होता. मेनेक्लीसला मात्र दुसराच कुणी आठवत होता. असाच एक जण अकरा वर्षांपूर्वी याच खोलीत आला होता. बहिणीबद्दल विचारायला. मेनेक्लीसने खिडकीबाहेर बघितलं होतं आणि एक फार सुंदर वाक्य सांगितलं होतं. ते शहरभर गाजलं. बहीण बेटावर गेली, आणि दुसऱ्या हिवाळ्यात तिथेच मेली.

वाक्य त्याला अजून शब्दन् शब्द आठवत होतं. त्या बाईचं नाव आठवत नव्हतं.

“साक्षीला कोण आहे?” त्याने विचारलं.

“ऑप्टाटा. हिस्पुलाची दाई.”

“गुलाम आहे ती?”

“हो.”

गुलामाच्या तोंडचा शब्द न्यायासन तसा धरत नाही. आधी छळ करायचा, आणि मग जे बाहेर पडेल ते खरं मानायचं.

“वय काय तिचं?”

“साठीला आली असेल.” व्हॅरिनसने टोग्याची एक चुणी सरळ केली. “तिथली माणसं जपून करतात म्हणे.”

“तुला हिवताप झाला होता, तेव्हा तुझ्या उशाशी बसली होती ती हीच ना?”

“मी काय करू, आचार्य? नियम मी केलेला नाही.”

...

“स्पेनमध्ये दोन वर्षं तू एकटाच होतास?”

व्हॅरिनसला प्रश्नाचा रोख कळला. तो मुळीच गडबडला नाही. “त्या बायका वेगळ्या. त्यांच्याकडे जाणं हा गुन्हाच नाही. कायद्यात त्यांना मोजत नाहीत.”

“न मोजण्यातली एक आलेय,” दारातून आवाज आला. “आजोबा, माझा टोगा वाळला का?”

मिर्टिस दारात उभी होती. तळमजल्यावर, जिन्याखालच्या कोंदट खोलीत ती धंदा करायची. नगराधिकाऱ्याच्या वेश्यांच्या यादीत तिचं नाव होतं. चाळिशी उलटलेली, आवाज बसलेला. खाली ऊन येत नाही म्हणून तिचे धुतलेले कपडे मेनेक्लीसच्या खिडकीच्या कठड्यावर वाळत. विद्यार्थ्यांनी त्यावर कुरकुर केली, तेव्हा ऊन कुणाचं घर विचारून पडत नाही, असं काहीतरी तो म्हणाला होता, आणि त्याचीही वाहवा झाली होती. खरं म्हणजे तिला नाही म्हणायची त्याची छाती झाली नव्हती.

ती आत आली तसा व्हॅरिनसने आपल्या टोग्याचा घोळ हाताने उचलून अंगाशी धरला.

तिने ते पाहिलं.

“घाबरू नका, धनी. मी पदराला पदर लावायचे पैसे घेते. फुकट नाही लावत.”

व्हॅरिनसने भिंतीकडे तोंड केलं.

तिने कठड्यावरचं जाड, मळकट कापड ओढून घेतलं आणि झटकलं. मेनेक्लीस तिच्याकडे बघत राहिला. जन्मभर त्याने लोकांना प्रश्न विचारले होते, आणि प्रत्येक वेळी उत्तर आधीच मुठीत ठेवून विचारले होते. शिकवण्याची ती रीतच होती. आता विचारायच्या प्रश्नाचं उत्तर त्याच्याजवळ नव्हतं.

“मिर्टिस... एक विचारू?”

“विचारा की.”

“भडवा ओळखायचा कसा?”

“आचार्य,” व्हॅरिनस भिंतीकडे तोंड ठेवूनच म्हणाला. आवाज हलका होता, पण कापल्यासारखा.

मिर्टिसने म्हाताऱ्याचा चेहरा न्याहाळला. थट्टा दिसेना.

“या वयात तुम्हाला कशाला हवाय तो?”

“मला नको. कायद्यात आहे. बायको चुकली आणि नवऱ्यानं तिला घरातून काढली नाही, ठेवून घेतली, तर तो भडवा. असं कायदा म्हणतो.”

मिर्टिस उंबऱ्यावर टेकली. टोग्याची घडी घालता घालता तिचे खांदे हलायला लागले. हसत होती, पण आवाज येत नव्हता.

“कुणी लिहिलं हो हे? जन्मात एक तरी भडवा बघितलाय का त्यानं?”

“का?”

“ठेवतो तो कसला भडवा, आजोबा? ठेवत नाही म्हणून तर भडवा. तो देतो.”

...

“नीट सांग.”

“माझाच घ्या की. नवराच होता माझा, लग्नाचा. मला घेऊन गेला कचेरीत, नाव नोंदवायला. मी नुसती उभी. बोलतोय तो. नाव मिर्टिस. वय एकोणीस. बाप अमका, गाव तमकं. दात शाबूत. घडाघडा सांगत सुटला, एकदाही अडखळला नाही. तिथला कारकून म्हणाला, वा, पाठ करून आलाय हा.” तिने घडीवर हात फिरवला. “राग नाही, शिवी नाही. दोन थोबाडीत मारल्या असत्या ना, तर बरं वाटलं असतं मला. म्हटलं असतं, याला काहीतरी होतंय. बाहेर आल्यावर म्हणतो कसा, माझा इलाज नव्हता, तू बघतेसच.”

तिने घडी मांडीवर ठेवली.

“आणखी काय सांगू? बाई गप्प उभी असते आणि तिची सगळी माहिती दुसऱ्याच्या तोंडात असते. अंगाला हात लावणारे निराळेच. याचे हात स्वच्छ. तिथं ओळखायचं.”

मेनेक्लीसच्या मांडीवर पाटी होती. नाव हिस्पुला. वय सव्वीस. बाप कोण, महिना कुठला, कुठली खोली. त्याने खाली पाहिलं नाही.

व्हॅरिनस आता भिंतीकडे बघत नव्हता. तो पाटीकडे बघत होता.

मिर्टिसने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. तिला वाचता येत नव्हतं.

“काय आहे त्यात?”

“काही नाही,” व्हॅरिनस म्हणाला.

“काही नाही म्हणजे बाईचंच असणार,” ती उठत म्हणाली. “येते, आजोबा. कठडा पुसून ठेवलाय.”

तिची पावलं जिन्यावरून खाली गेली. चौथा मजला, तिसरा, दुसरा... मग ऐकू येईनाशी झाली.

व्हॅरिनसने पुढे होऊन पाटी उचलली.

“तुम्ही तिच्या तोंडून मला बोलून घेतलंत.”

“ती काय म्हणेल हे मला माहीत नव्हतं.”

“खोटं आहे.”

“नाही रे. खरंच माहीत नव्हतं.”

हे तीन शब्द त्या खोलीत तीस वर्षांत कुणी ऐकले नव्हते. व्हॅरिनस क्षणभर बघतच राहिला. पायाखालची फळी हलली की माणूस बघतो तसा.

“तुम्हाला कळत नाहीये,” तो भरभर बोलू लागला. “शेजारच्या घरात सगळं कळलंय. तो माणूस दिवस मोजतोय. आज मी गेलो नाही, तर उद्या तो माझ्यावर फिर्याद ठोकेल. आणि तिनं हे मला सांगितलंच कशाला? गप्प राहिली असती, तर...”

तो थांबला.

“तर?” मेनेक्लीसने विचारलं.

“तर मला काहीच करावं लागलं नसतं.”

...

उन्हाचा पट्टा माठावरून वर सरकला होता. रंग तांबूस झाला होता.

“एक वाक्य द्या मला, आचार्य.” व्हॅरिनसचा आवाज आता शिष्याचा राहिला नव्हता. “कुठलंही. जा म्हणणारं द्या, नको म्हणणारं द्या. मला धरायला काहीतरी द्या. इतकी वर्षं सगळ्यांना देत आलात.”

मेनेक्लीसने सवयीने खिडकीबाहेर पाहिलं. वाक्यं आली. एक नव्हे, तीन आली. तिन्ही घाटदार, तिन्हींना शेवटी छान झोक. एक कर्तव्याबद्दल, एक क्षमेबद्दल, एक नावाबद्दल. त्याने प्रत्येक उलटून पाहिलं. प्रत्येकाच्या मागे समुद्र होता आणि समुद्रात एक उघडा खडक.

त्याने मान खिडकीकडून वळवली.

“जाऊ नकोस,” तो म्हणाला.

“हे वाक्य नाही.”

“नाही.”

“याला कारण लागतं. आधार लागतो. तुम्हीच...”

“मीच शिकवलं. हो. ... जाऊ नकोस.”

व्हॅरिनसने पाटी छातीशी धरली. “तुम्हाला कायदा पूर्ण माहीत आहे का? असा सल्ला देणारा माणूसही त्यात येतो. माझ्याबरोबर त्याच्यावरही खटला. त्यालाही तेच नाव.”

“माहीत आहे.”

“मला विचारलं तर मला शपथेवर सांगावं लागेल, हे कुणी सांगितलं म्हणून.”

“सांग.”

म्हटलं खरं, पण मेनेक्लीस पुढचं मोजू लागला. उद्या सकाळी बाप येतील आणि आपापल्या मुलांना घेऊन जातील. ही खोली जाईल. समोरच्या गल्लीतला तो ग्रीक माणूस हळहळल्यासारखं करेल. या वयात माणसाने धीट व्हायचं म्हणजे काय व्हायचं? आपण चुकत असलो तर? अकरा वर्षांपूर्वीही आपण चुकतोय असं आपल्याला वाटलं नव्हतं. तेव्हा तर जराही भीती वाटली नव्हती.

हेच काय ते वेगळं होतं. त्याला आता फार भीती वाटत होती.

व्हॅरिनस दाराशी गेला. चौकटीला हात लावून उभा राहिला. खाली रस्त्यावर भाजीवाल्याचं आणि गाढववाल्याचं भांडण जुंपलं होतं. त्याने एक पाय जिन्यावर टाकला. जिथे न्यायासन बसे तो फोरमचा चौक तिथून हाकेच्या अंतरावर होता. अजून वेळ होता.

तो पाय तिथेच राहिला.

भांडण मिटलं. गाढव पुढे गेलं. भिंतीवरचं ऊन बोटभर उरलं, मग नखाएवढं.



फोरमकडून तुतारी ऐकू आली. एकदा. थोड्या वेळाने पुन्हा.

न्यायासन उठलं होतं.

“तुमच्यामुळे उशीर झाला,” व्हॅरिनस म्हणाला. आवाज पार बसला होता. जिना मोकळा होता आणि त्याला कुणी अडवलं नव्हतं, हे दोघांनाही दिसत होतं.

मेनेक्लीसने मान डोलावली. “हो. माझ्यामुळे.”

“नाट्यगृहात पुढच्या रांगेत माझी जागा आहे. माझ्या आजोबांपासूनची. तिथून मला उठवतील.” तो पाठमोराच बोलत होता. “अगदी वर, मागच्या भिंतीला लागून एक बाक आहे. त्या तसल्या लोकांना तिथे बसवतात. मी तिथे बसेन, आचार्य. आणि सगळं गाव नाटक सोडून माना वळवून माझ्याकडे बघेल.”

...

मेनेक्लीस भिंतीचा आधार घेत कसाबसा उठला.

“जरा सरकून बस,” तो म्हणाला. “मलाही जागा लागेल.”